लाल वायर डावीकडे

घूं.
नुसतं घूं. फिरत काहीच नाही.
टायमर मात्र टिकटिकतो
आणि पाच मिनिटांनी घंटी वाजवून
काम उरकल्याचं सांगतो.

आत चैतालीचा पांढरा युनिफॉर्म,
पाणी पिऊन लोळागोळा.
उद्या सकाळी सातची ड्युटी, सिव्हिलला.
गॅलरीत दोरीवर तीन दिवसांचे कपडे,
ओले म्हणवत नाहीत, वाळलेही नाहीत.
सातपूरचा श्रावण हा असा:
ऊन येतं कंपनीच्या भोंग्याएवढं,
आणि जातं.

मेकॅनिक फोनवरच म्हणाला, मोटर गेली ताई,
अठराशे होतील, नाहीतर नवीनच घ्या.
न बघता कळलं त्याला.
आमच्या थोरल्या मामांनाही
पत्रिका न उघडता मंगळ दिसायचा.

प्लग काढला. मशीन भिंतीपासून ओढलं.
मागे सहा स्क्रू. पाच निघाले.
सहावा गंजून पत्र्याचाच झालेला.
त्याच्यावर खोबरेल सोडलं दोन थेंब
आणि तोवर गवार मोडायला बसले.
गवारीला वेळ लागतो. स्क्रूलाही.

टबाच्या फटीतून हात घातला
तर दोन हेअरपिना, एक रुपया,
आणि मुकुंदचा करडा मोजा,
ज्याच्यावरून मागच्या दिवाळीत
आम्ही तीन दिवस बोललो नव्हतो.

तरीही टब जडच.
मग पत्रा काढला, आणि त्याच्या आतल्या बाजूला
पेन्सिलीनं, शाळेतल्या फळ्यासारखं नेटकं:

लाल वायर डावीकडे.
ब्रेकची तार दीड बोट ढिली ठेवावी, जास्त नको.
घाई करू नये. १४-८-११

हे मशीन आम्ही जुनं घेतलेलं,
नेहरूनगरच्या क्वार्टरमधून, टेम्पोसकट बावीसशेला.
प्रेसमधून रिटायर झालेले कुणी, गावी निघालेले.
नाव विचारलं नव्हतं.
टेम्पोमागे कोपऱ्यापर्यंत चालत आले होते,
आडवं करू नका, आडवं करू नका, म्हणत.

खाली आणखी एक ओळ:
बुश बदलला. हिला आवाज सोसत नाही. ३-२-१६

आणि त्याखाली, अक्षर जरा तिरकं:
कपॅसिटर नवीन. आता कपडे कमी असतात. २०-९-१९

मी जमिनीवरच बसून राहिले थोडा वेळ.
कुकरच्या किती शिट्ट्या झाल्या, मोजल्या नाहीत.

ब्रेकची तार पाचाच्या जागी तीन बोटं लोंबत होती,
पट्टा चाकाला धरून बसलेला,
झाकण मिटलं तरी सोडेना.
दीड बोट.
कुणाचं बोट, ते लिहिलेलं नाही.
माझं घेतलं.

फिरलं! पण डुलत, पेंगत,
रात्रपाळीहून आल्यासारखं.
म्हणजे कपॅसिटरही थकलेला.
पुन्हा प्लग काढला. प्लास्टिकच्या मुठीचा स्क्रू ड्रायव्हर
त्याच्या दोन्ही टोकांना आडवा टेकवला:
चट्. निळी ठिणगी.
राहिलेलं बाहेर पडलं की हात लावावा;
हे मुकुंदच्या बाबतीतही लागू आहे.

रिक्षानं भद्रकालीत. बोथरांच्या दुकानात
जुना डबा काउंटरवर ठेवला, म्हटलं, अस्साच द्या.
बसवणार कोण? त्यांनी माझ्या मागे पाहिलं.
मागे पाऊस होता, आणि एक गाय.
एकशे चाळीस रुपये. पिशवी नको म्हटलं.

लाल वायर डावीकडे.

सव्वानऊला ड्रायरनं असा काही सूर धरला
की समोरच्या ढिकले काकूंनी दार उघडून विचारलं,
नवीन आणलं का गं?

चैतालीनं युनिफॉर्म गालाला लावून पाहिला.
दमट आहे थोडा, म्हणाली. इस्त्रीनं जाईल.

पत्रा लावण्याआधी तिची पेन्सिल मागितली.
जागा थोडीच उरली होती, टोकाशी, गंजाच्या कडेला.
तारीख घातली. मग बराच वेळ सुचेना.
शेवटी लिहिलं:
मोजा सापडला.

सहावा स्क्रू लावलाच नाही.
पुढच्याला बरं पडेल.